दुखावलेला खांदा आणि न्याय्य मागणी

वचन : निर्गम, अध्याय २१, ओव्या १८ व १९



ह्या दोन ओव्या अशा ठिकाणी आहेत की, वाचणारा बहुधा त्यांवरून घाईने पुढे जातो. सीनाय पर्वतावरील दहा आज्ञांचा गडगडाट नुकताच संपलेला असतो, आणि मागोमाग बैल, खड्डा, दात व डोळा ह्यांविषयीचे, म्हणजे गावात रोज उठणाऱ्या तंट्यांचे नियम सुरू होतात. त्यांतला एक तंटा असा. दोन माणसे भांडली. एकाने दुसऱ्यास धोंड्याने किंवा मुठीने मारले. तो मेला नाही, पण अंथरुणास खिळला. पुढे तो उठून काठी टेकीत बाहेर हिंडूफिरू लागला. आता मारणाऱ्याचे काय करावे? शास्त्र सांगते की, तो शिक्षेपासून सुटला. परंतु एवढ्याने त्याची सुटका पुरी झाली नाही. पडून राहिलेल्याचा जो वेळ बुडाला तो त्याने भरून द्यावा, आणि त्यास पुरते बरे करवावे.

येथे देवाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत : एक दोष, दुसरे देणे. दोष मिटला तरी देणे मिटत नाही. हा भेद नीट ध्यानात आला, म्हणजे आज आपल्या पुष्कळ कुटुंबांस छळणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर सापडते. कामावर असताना ज्याचा हात किंवा खांदा मोडला, त्या विश्वासी मनुष्याने धन्याजवळ नुकसानभरपाई मागावी की मुकाट्याने सोसावे?

एका मंडळीतील बांधवाची गोष्ट पाहा. तो शहरात गवंड्याच्या हाताखाली मजुरी करीत होता. दुसऱ्या मजल्याच्या परांचीवर घमेले घेऊन चढताना फळी सरकली, तो खाली आला, आणि उजवा खांदा निखळून हाडही मोडले. ठेकेदाराने त्या रात्री दवाखान्याचा खर्च केला, चार दिवसांनी हातावर काही रुपये ठेवले, व एका कोऱ्या कागदावर अंगठा मागितला. घरी आल्यावर कोणी म्हणाले, “देवाची इच्छा.” कोणी म्हणाले, “ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावर दावा करणे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही.” आणि तो बांधव भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, कारण त्याच्या बायकोला आता दुप्पट मजुरीस जावे लागत होते, आणि तो स्वतः पाण्याची घागरही उचलू शकत नव्हता.

खांदा हा शरीरात सर्वांत अधिक फिरणारा सांधा आहे. त्याची खोबण उथळ असते, म्हणूनच हात वर, खाली, मागे, पुढे फिरतो. आणि म्हणूनच तो निखळतोही लवकर. पाटी, पोते, कुदळ, मोट, पालखी, तिरडी, सर्व काही मनुष्य खांद्यानेच वाहतो. ईयोबाने आपल्या निरपराधीपणाची शपथ वाहिली तेव्हा स्वतःसाठी मागितलेली शिक्षा हीच होती की, मी अनाथावर हात उगारला असेल तर माझा खांदा फऱ्यापासून गळून पडो (ईयोब ३१:२१-२२). कष्टकऱ्यास ह्याहून कठीण शाप त्यास सुचला नाही. तर मग आपल्या बांधवावर हे संकट कोणत्याही अपराधावाचून आले असता, आपण त्यास नुसते “सोस” म्हणून कसे सांगावे?

पहिली गोष्ट : न्याय्य मागणी हा लोभ नव्हे, सूडही नव्हे

आपल्या देशात १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला व १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्यापूर्वी जखमी मजुरास धन्याची चूक कोर्टात शाबीत करावी लागे, आणि गरिबास ते बहुधा साधत नसे. ह्या कायद्याने तो प्रश्नच बदलला. अपघात कामामुळे व काम चालू असताना घडला काय, एवढेच पाहावयाचे. चूक कोणाची हे शाबीत करण्याचा भार मजुरावर राहिला नाही. २००९ च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावात “कामगार” ह्या शब्दाच्या जागी “कर्मचारी” हा शब्द आला. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे नियम समाविष्ट झाले, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. दोषाचा निवाडा वेगळा, आणि बुडालेल्या मजुरीचे देणे वेगळे.

बंधूंनो, हा निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायाचाच मार्ग नव्हे काय? म्हणून तुम्ही मागणी करिता तेव्हा धन्याचा द्वेष करण्याचे कारण नाही. त्यास शिव्याशाप देऊ नका, त्याच्या नाशाची इच्छा धरू नका. त्यास मनापासून क्षमा करा, आणि क्षमा केल्यानंतरही आपले देणे मागा. ह्या दोहोंत विरोध नाही.

कोणी म्हणेल, अंगरखा मागणाऱ्यास झगाही द्यावा असे प्रभूने सांगितले आहे. होय, परंतु झगा आपला स्वतःचा असतो. लेकरांच्या तोंडची भाकर ही एकट्या बापाची नव्हे की, त्याने ती उदारपणाच्या नावाखाली देऊन टाकावी. पौलाने प्रभूसाठी फटके सोसले, परंतु त्याच पौलास चाबकाने झोडण्यासाठी ताणून बांधिले, तेव्हा त्याने शताधिपतीस विचारले की, रोमी मनुष्यास चौकशीवाचून फटके मारणे कायदेशीर आहे काय (प्रे. कृत्ये २२:२५). कायद्याचा आश्रय घेण्यात त्यास विश्वासाची उणीव वाटली नाही.

दुसरी गोष्ट : मागणी सत्याची असावी

कायद्याप्रमाणे अपघाताची सूचना धन्यास होईल तितक्या लवकर लेखी द्यावयाची असते. तीत जखमी झालेल्याचे नाव व पत्ता, अपघाताचा दिवस, आणि तो कसा घडला हे साध्या भाषेत लिहावयाचे असते. साध्या भाषेत! आपले बोलणे होय तर होय, नाही तर नाही, असे असावे म्हणून प्रभूने सांगितले. येथे कायदाही तेच मागतो. मजुरी पाचशे असता आठशे लिहवू नका. हात खांद्यापर्यंत वर जात असता “मुळीच हालत नाही” म्हणू नका. “टक्का वाढवून देतो” म्हणणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका. तो तुमच्या मोबदल्यातही वाटेकरी होईल आणि तुमच्या पापातही.

खरे सांगणाऱ्यास कायदा काय देतो, हे ठाऊक असावे. कामास तात्पुरते मुकलेल्यास दर पंधरवड्यास मासिक मजुरीच्या २५ टक्क्यांइतकी रक्कम मिळावयाची असते. त्यासाठी मजुरीची जी कमाल मर्यादा सरकारने ठरविली असेल ती धरितात. हात खांद्याच्या सांध्यापासून कापावा लागला, तर कमावण्याची शक्ती ९० टक्के गेली असे कायद्याच्या परिशिष्टातच ठरलेले आहे. परंतु सांधा आखडणे किंवा हाड वाकडे जुळणे ह्यांसारख्या इजांचा आकडा तेथे छापलेला नाही. कमावण्याची शक्ती किती उणी झाली हे पात्र डॉक्टराने तपासून ठरवावे लागते. ह्यास्तव दवाखान्याचा प्रत्येक कागद, क्ष-किरणाचे प्रत्येक चित्र जपून ठेवा. हाडवैद्याकडे जाऊन आठवडे घालवू नका. आत शीर दुखावली असेल तर ते बाहेरून दिसत नाही, आणि कागदही हाती राहत नाही. डॉक्टराने सांगितलेला व्यायाम नित्य करा. भरपाई अधिक मिळेल म्हणून हात मुद्दाम आखडू देणे ही आपल्याच शरीराची चोरी होय.

कोऱ्या कागदावर अंगठा कधीही देऊ नका. लाबानाने याकोबाचे वेतन दहा वेळा बदलले, तसे करणारे आजही आहेत. थोडे पैसे देऊन “माझे काही मागणे राहिले नाही” असे लिहवून घेतले, तरी भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्यापुढे टिकत नाही. ठेकेदार नाहीसा झाला तर ज्या धन्याच्या धंद्याचे काम त्याने घेतले होते त्याच्याकडेही मागता येते. सावकारास ही भरपाईची रक्कम जप्त करविता येत नाही. आणि ज्या मजुराचे नाव राज्य विम्यात असते, त्याने धन्याऐवजी विमा महामंडळाकडे मागावयाचे असते.

तिसरी गोष्ट : धीर

मागणी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दोन वर्षांच्या आत करावयाची असते. निकालास मात्र किती काळ लागेल हे कोणी सांगू शकत नाही. देणे ठरल्यापासून एका महिन्यात न दिल्यास दरसाल १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसता ५० टक्क्यांपर्यंत दंड, अशी तजवीज कायद्यात आहे. तरी तारखांवर तारखा पडतात. प्रभूने ज्या विधवेची गोष्ट सांगितली, तिच्याजवळ पैसा नव्हता, वशिला नव्हता. फक्त पुन्हा पुन्हा जाणे होते. लूकाच्या अठराव्या अध्यायात प्रभू त्या न्यायाधीशाची थोरवी सांगत नाही. तो सांगतो की अन्यायी न्यायाधीशही शेवटी ऐकतो, तर मग देव आपल्या निवडलेल्यांचे ऐकणार नाही काय? कचेरीच्या बाकावर बसला असाल तेव्हा हे आठवा.

ह्या थांबण्याच्या काळातच मोहाची गाठ पडते. रात्री दुखणारा खांदा झोपू देत नाही. मग कोणी दारूचा पेला पुढे करितो. मिळणाऱ्या रकमेवर आधीच कर्ज काढिले जाते. मनुष्य दिवसभर त्या दाव्याचाच विचार करितो, आणि हळूहळू दावा हाच त्याचा देव होऊन बसतो. सर्वांत वाईट म्हणजे, “मी आता कशाचाच नाही” हा विचार. भावा, तू कशाचा आहेस हे परांचीवरील घमेल्याने ठरविले नव्हते. हरवलेले मेंढरू सापडले तेव्हा मेंढपाळाने ते आपल्या खांद्यांवर घेतले (लूक १५:५). ते चालत नव्हते, काही वाहत नव्हते. तरी मेंढपाळास त्याचा आनंद झाला.

चौथी गोष्ट : मंडळीचा खांदा

पौल गलतीकरांस एकाच अध्यायात सांगतो की, एकमेकांची ओझी वाहा, आणि हेही की, प्रत्येकाने आपला भार वाहावा. जे ओझे एकट्यास झेपत नाही त्याला सर्वांनी हात लावावयाचा. जे रोजचे आपले, ते आपणच उचलावयाचे. खरे बोलणे, व्यायाम करणे, तारखेस जाणे हे जखमी बांधवाने करावे. बाकीचे आपण.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस लिहिता वाचता येते. त्याची सूचना तुम्ही लिहा, नक्कल ठेवा, कागद वाचून दाखविल्यावाचून त्यास सही करू देऊ नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगार, स्त्रिया, आणि अनुसूचित जातीजमातींचे लोक ह्यांस विनामूल्य वकील मिळू शकतो. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या न्यायालयात त्यासाठी समिती असते. तेथवर त्याच्यासोबत जा. बहिणींनो, त्याच्या घरी एक वेळची भाकर पोचवा. तरुणांनो, त्याच्या शेताचा एक दिवस करा. चौघांनी पक्षाघात्यास छप्पर उकलून खाली सोडले, तेव्हा प्रभूने त्या चौघांचा विश्वास पाहिला.

आणि आपल्यांतील ज्यांनी ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र घेऊन मजूर लाविले आहेत, किंवा जे घरे बांधवितात, त्यांसही हे वचन लागू आहे. यंत्राने चालणाऱ्या शेतकामावरील मजूरही ह्या कायद्यात येतो. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाही तर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष तुझ्या घराला लागेल, असा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायाचा आशय आहे. परांचीला आडवा बांबू आणि पट्ट्याला झाकण, हा आजचा कठडा होय. आणि इतके करूनही कोणी पडलाच, तर त्याने दारात येऊन मागण्याची वाट पाहू नका. कापणी करणाऱ्यांच्या अडकविलेल्या मजुरीची ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे याकोब लिहितो; मोडलेल्या खांद्याची ओरड त्याला ऐकू येत नसेल असे समजू नका.

तर, प्रिय जनहो, ज्याचा हात आज गळ्यात बांधलेला आहे त्याने तो गळ्यात असतानाच उठावे, खरे ते लिहवावे, क्षमा करावी, मागावे, आणि वाट पाहावी. ज्याचे हात धड आहेत त्याने त्याच्या बाजूस उभे राहावे.

प्रार्थना : हे दयाळू बापा, ज्या तुझ्या पुत्राने आमच्यासाठी आपल्या खांद्यावर वधस्तंभ वाहिला, त्याच्या नावाने आम्ही मागतो की, कामावर जखमी झालेल्या आमच्या बांधवांस तू बरे कर. त्यांच्या जिभेस सत्य, मनास धीर व घरास भाकर दे. धन्यांस न्यायी कर, अधिकाऱ्यांस त्वरा दे, आणि आम्हांस एकमेकांची ओझी वाहण्यास शिकीव. आमेन.