मोकळा हात

2020 साली इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये रिचर्ड ब्राउनिंग जेट सूट घालून डोंगरावर, सरावापुरत्या जखमी ठरवलेल्या व्यक्तीपर्यंत 90 सेकंदांत पोचले. पायी 25 मिनिटं लागली असती. पुढच्या वर्षी ब्रिटिश रॉयल मरीन्सनी याच सूटची चाचणी एचएमएस टॅमर या गस्तीनौकेवर उतरून घेतली. दोन्ही प्रात्यक्षिकं थक्क करणारी. अर्थ मात्र वेगळे.

या सूटची चार छोटी टर्बाइन्स हातांवर असतात, एक पाठीवर. इंधन काही मिनिटांचं. डोंगरावर जखमीशेजारी उतरायला जमीन असते, नौकेवर चढणाऱ्याला डेक. बुडणाऱ्याच्या शेजारी फक्त पाणी. त्याच्याकडे ट्यूब फेकायलाही हात मोकळा नाही.

तरी अशा यंत्रांचा विषय निघाला की ‘बचावकार्य’ हा शब्द लगेच येतो. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या प्रेझेंटेशनमध्येही सर्वांत कनवाळू उपयोग पहिल्या स्लाइडवर असतो. लष्करी उपयोग हे पाप नव्हे. चाच्यांच्या ताब्यातलं जहाज सोडवणं म्हणजेही माणसं वाचवणंच. मग तेच सांगावं. बुडणाऱ्याच्या नावावर यंत्र खपवायचं, तर त्याला धरायला एक तरी हात मोकळा हवा.