तुतीचे पान, एरंडाचे पान

पूजेला बसताना सुती वस्त्र धुऊन, विटाळ न होऊ देता वाळवावे लागते. रेशमी मुकटा तसाच सोवळ्याला चालतो. या सोवळ्यामागे हजारो जीवांची हत्या आहे, हे कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांना पटत नसे. रेशीम नेसू नका, असे ते सांगत.

तुतीवर पोसलेली अळी तीन-चार आठवडे पाला खाते आणि एका सलग धाग्याचा बंद कोष विणते. पतंग बाहेर पडला तर कोष फुटून धागा तुटतो, म्हणून आतला जीव आधीच वाफेने किंवा उष्णतेने मारतात. एरंडावरची एरी अळी कोषाला एका टोकाशी वाट ठेवते. पतंग निघून गेल्यावर उरलेला कोष कापसासारखा कातता येतो. हेच बाजारातले ‘अहिंसा रेशीम’.

मग एरंड पुण्यवान आणि तुती पापी?

इतके सोपे नाही. एरी अळी ईशान्येत केसेरूच्या आणि टॅपिओकाच्या पानांवरही वाढवतात. एरंडावर ती चांगली पोसते, कोष वजनदार होतो. पण खाद्य कोणतेही असो, कोषाचे तोंड उघडेच राहते. पान वजन ठरवते, जगणे-मरणे नाही. आसामात तर एरीचा कोशित, म्हणजे कोषातला जीव, आवडीने खातात. धाग्यासाठी न मारलेला जीव ताटात येतो आणि वस्त्र तरीही अहिंसक म्हणवते! जैन विचारात संकल्पी म्हणजे हेतुपूर्वक केलेली आणि उद्योगी म्हणजे व्यवसायात घडणारी हिंसा वेगळ्या मानतात. इथे मात्र एकाच कोषात दोन्ही हिशेब गुंततात.

सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संगने मध्य आशियातल्या खोतान राज्याची एक कथा नोंदवली आहे. चिनी राजकन्येने शिरोभूषणात लपवून तुतीचे बी आणि रेशीमकिड्यांची अंडी तिथे नेली. तुती वाढेपर्यंत अळ्यांना दुसरा पाला घालावा लागला. पुढे राणी झाल्यावर तिने शिलालेखच कोरवला: पतंग उडून गेल्याशिवाय कोष उकलू नये.

आज कोणी तोच नियम तुतीच्या शेडमध्ये पाळला तर? हजारो वर्षे माणसाळलेला हा पतंग उडू शकत नाही, खाऊही शकत नाही. थोड्या दिवसांत मरतो. मादी त्याआधी चार-पाचशे अंडी घालते. त्यातून निघणाऱ्या अळ्यांना तुतीच लागते, आणि सगळ्यांना पुरेल एवढा पाला कुठल्याच मळ्यात नसतो.