मोहोरबंद ठेव

बिनतारी जाळ्यावरून जाणारी दुसऱ्याची खासगी माहिती ही धर्मशास्त्राच्या अर्थाने ठेव ठरते. मनुस्मृतीतील १८ व्यवहारपदांत ऋणादानानंतर लगेच निक्षेप, म्हणजे ठेव, येते. याज्ञवल्क्यस्मृती आणखी बारकाईने पाहते: पेटीत बंद करून, आत काय आहे ते न सांगता सोपवलेली वस्तू ती ‘औपनिधिक’, आणि ती जशीच्या तशी परत करायची.

कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत अंगणवाडी सेविका बाळाचे वजन मोबाइलवर नोंदवते. आशाताईंकडे गरोदर बाईची माहिती असते, कोणते कुटुंब वीटभट्टीवर गेले हेही ठाऊक असते. समजा, ही नोंद ग्रामपंचायतीच्या किंवा जवळच्या फार्महाउसच्या वाय-फायवरून पाठवली. भिंत कारवीच्या कुडाची असो वा सिमेंटची, लहरी पलीकडे जातातच. हवेत कडीकोयंडा नसतो. झाकण एकच, सांकेतिकीकरण. पासवर्ड नसलेल्या जाळ्यात वाय-फायचे स्वतःचे झाकण सहसा नसतेच. २००४ च्या डब्ल्यूपीए-२ या वाय-फाय सुरक्षा-मानकात ते असते, पण सर्वांना एकच पासवर्ड दिलेला असेल, तर तो ठाऊक असणारा माणूस दुसऱ्याचा फोन जोडला जातानाची देवाणघेवाण टिपून त्याची माहिती उलगडू शकतो. २०१८ च्या डब्ल्यूपीए-३ ने ही फट बुजवली. तरीही हे संरक्षण राउटरपर्यंतच. फोनपासून थेट सर्व्हरपर्यंत अ‍ॅपने घातलेले कुलूप हेच खरे औपनिधिक: वाहणाऱ्याला आतले कळत नाही.

ठेव चोराने नेली तर ठेवून घेणारा दोषी नाही, असे याज्ञवल्क्य म्हणतो. या सवलतीचा आधार मात्र सहज घेता येत नाही. बृहस्पतीच्या मते, स्वतःची वस्तू जपून दुसऱ्याची ठेव हयगयीने घालवणाऱ्याने ती व्याजासह भरून द्यावी. स्वतःच्या बँक खात्याला कुलूप आणि वाडीच्या नोंदी उघड्यावर, हा तोच भेद आहे. आणि तो बहुधा सेविकेच्या हातून नव्हे, तर तिला फोन आणि जाळे पुरवणाऱ्यांच्या हातून घडतो.

स्मृतीचा दाखला एका ठिकाणी अपुरा पडतो. तेथे पेटी धनी स्वतः बंद करतो. कातकरी आईने ही पेटी पाहिलेलीच नसते; आपल्या बाळाचे वजन कोणत्या वाटेने कुठे जाते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. म्हणून मोहोर तिच्या वतीने लावण्याआधी नोंद कशाची, ती कोण पाहणार, हे तिच्या बोलीत सांगून तिची संमती घेणे हाही ठेवीच्या धर्माचाच भाग ठरतो.