बांधलेला आततायी



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध १, अध्याय ७.

द्रौपदीची पाच मुलं झोपेत मारली गेलीत. अर्जुनाने अश्वत्थाम्याला दोरीने बांधून आणलंय. भीम म्हणतो, मारा. द्रौपदी म्हणते, सोडा, मी रडतेय तशी याची आई रडायला नको. आणि भगवंत म्हणतात, पतित असला तरी ब्राह्मणाला मारू नये आणि आततायीला मारावं, दोन्ही माझ्याच आज्ञा, दोन्ही पाळ. परस्परविरोधी रिक्वायरमेंट्स आणि क्लायंट एकच. बिचारा अर्जुन!

'आततायी' हा शब्द हल्ली फॉरवर्ड्समध्ये फार स्वस्त झालाय. स्मृतींमध्ये यादी आहे: आग लावणारा, विष देणारा, शस्त्र उगारून येणारा, धन, जमीन किंवा बायको हिरावणारा. अशाला मारलं तर दोष नाही, एवढाच भाग स्क्रीनशॉटमध्ये येतो. पण खरंच कोणी मेलं आणि खुनाच्या खटल्यात उभं राहावं लागलं तर?

'जीव वाचवायला मारलं' हे दाखवायची जबाबदारी आपल्याकडे आरोपीवर असते. मात्र सरकार पक्षाला जसं संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, तसं त्याला करावं लागत नाही. असंच घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, इतकं दिसलं तरी पुरतं. त्यासाठी स्वतःचे साक्षीदार आणायलाच हवेत असंही नाही. सरकारी साक्षीदाराच्या उलटतपासणीतून, आरोपीच्या अंगावरच्या जखमांतूनही ते पुढे येऊ शकतं. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात वडिलांवर गंडाशाचा वार झाला म्हणून मुलाने गोळी झाडली होती. हायकोर्टाने त्याला दोषी धरलं, २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं. जिवावर बेतलेलं असताना माणसाने किती जोर लावला हे सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाही, हे कोर्टं मान्य करतात. (माझ्या मते हा कायद्यातला फार दयाळू भाग आहे.)

एका बाबतीत मात्र कायदा कडक आहे: वेळ. भीती वाजवी हवी, आणि ती आहे तोवरच हक्क. पोलिसांकडे जायला सवड होती? मग हा हक्क नाही. हल्लेखोर निःशस्त्र होऊन पडला, पळून गेला? संपला. बचाव करता करता, सूडाचा हेतू नसताना, प्रामाणिकपणे मर्यादा ओलांडली गेली तर कायदा त्याला खून म्हणत नाही, सदोष मनुष्यवध म्हणतो, शिक्षा आहेच. पण धोका टळल्यावर मुद्दाम घातलेला घाव बचावात बसत नाही. म्हणून तर जखम समोरून की पाठीमागून, यावर एवढा खल होतो.

आता परत अश्वत्थाम्याकडे बघा. रात्री तो शस्त्र घेऊन छावणीत शिरला, तेव्हा कोणी जागं असतं आणि त्याला मारलं असतं तर प्रश्नच नव्हता. आत्ता तो दोरीत आहे. माणूस तोच, गुन्हा तोच, पण आत्ता त्याच्यापासून कोणाच्या जिवाला धोका आहे? पाच मुलं गेलेल्या बाईने त्याला सोडा म्हणावं, यावर मी आज बराच वेळ अडकलो. भीमाचा राग मला कळतो. अर्जुन शेवटी केसांसकट त्याच्या मस्तकावरचा मणी कापून घेतो आणि त्याला हाकलून देतो.

आणि उद्याच्या अध्यायात अश्वत्थाम्याचं अस्त्र परत येतं, थेट उत्तरेच्या गर्भावर! म्हणजे भीमच बरोबर होता का? उद्या वाचताना एक नक्की बघा: तिथे पाचही पांडव ताबडतोब शस्त्रं उचलतात. कारण पाच जळते बाण त्यांच्याकडेच येत असतात.