हवा थोडी कमी

वेताळ टेकडीवर मी पहिल्यांदा सायकल नेली तेव्हा ४२ वर्षांची होते. आदल्या रात्री दोन्ही चाकांत दम लागेपर्यंत हवा भरली होती. लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानात हवा भरून झाली की वडील चाक दाबून बघायचे आणि ते टणक लागलं की दुकानदाराच्या हातावर पैसे ठेवायचे. चांगलं चाक म्हणजे टणक चाक, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं होतं.

टेकडीच्या पायथ्याशी काका भेटले. पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, उभं आयुष्य काढलेले हे गृहस्थ आमच्या सायकलच्या गटात सगळ्यांचेच काका आहेत. त्यांनी माझ्या मागच्या टायरवर अंगठा दाबला. "किती भरलीस?" मी म्हटलं, "भरपूर." त्यांनी व्हॉल्व्हचं टोपण काढलं, नखाने आतली पिन दाबली आणि बराच वेळ हवा सोडत राहिले. मग म्हणाले, "आता दाबून बघ. वर सगळे दगड आहेत. चाकाला त्यांच्याशी जुळवून घेऊ दे."

मला ते पटलं नव्हतं. मऊ चाक ओढायला जड जाणार, हे डांबरावरचं शहाणपण माझ्याजवळ होतं आणि डांबरावर ते खरंही आहे. पण टेकडीवरच्या मुरमाड चढावर, जिथे अर्ध्या तासापूर्वी कुणाची तरी चाकं जागच्या जागी गरगरल्याच्या खुणा दिसत होत्या, तिथून माझी सायकल सरळ वर गेली. मी काही फार जोर लावला नव्हता. टायर खडकाच्या कंगोऱ्यावर थोडा बसत होता, त्याला धरत होता आणि पुढे सरकत होता.

यामागचा हिशेब काकांनी नंतर टेकडीवरच्या खाणीच्या काठावर बसून मांडला. माझं आणि सायकलचं वजन मिळून साधारण ७५ किलो. त्यातलं ४५ किलो, म्हणजे १०० पौंड, मागच्या चाकावर. हवा ५० पीएसआय असेल, म्हणजे दर चौरस इंचाला ५० पौंड, तर तो भार पेलायला टायरचा दोन चौरस इंच भाग जमिनीला टेकतो. अंगठ्याचे दोन ठसे एवढाच. हवा २५ वर आणली की टेकतात चार ठसे. टायरचा स्वतःचा ताठपणा यात धरलेला नाही, हिशेब ढोबळ आहे. पण त्यातला विचार पक्का आहे. जमिनीशी आपलं नातं या चार ठशांएवढंच असतं, आणि ते दोनाचे चार होतात ते हवा सोडल्यावर.

टणक चाक खडबडीत वाटेवर वेगवान वाटतं खरं, पण तो भास असतो. प्रत्येक दगड त्याला वर उडवतो आणि सायकलसह आपणही उडतो. पुढे नेणारी ताकद वरखाली होण्यात जाते. मऊ टायर छोटा दगड पोटात घेतो आणि पुढे जातो. अर्थात, हवा फारच कमी केली तर रिम दगडावर आपटते, मध्ये ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. त्याला सगळे राइडर 'स्नेक बाइट' म्हणतात, कारण खूण सापाच्या दोन दातांसारखी असते. म्हणून अलीकडे बरेच जण ट्यूबलेस वापरतात. आत ट्यूब नाही, फक्त चिकासारखं सीलंट. बाभळीचा काटा घुसला तर ते भोकाशी येऊन गोठतं. आपल्याकडच्या माळांवर बाभळी किती आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याला या सोयीचं मोल वेगळं सांगायला नको.

माउंटन बाइकचा जन्मही जाड टायरातूनच झाला. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या उतारांवर, १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या श्विन सायकली घेऊन उतरायचे. अमेरिकेत १९३० च्या दशकात आलेले बलून टायर त्या सायकलींना होते. २६ इंची, दोन इंचांहून जाड, कमी हवेवर चालणारे. मुलांना वर्तमानपत्रं टाकायला दिलेल्या त्या जड सायकली डोंगरावर टिकल्या, कारण त्यांची चाकं मऊ होती. तिथल्या एका उतारावर ऑक्टोबर १९७६ मध्ये 'रिपॅक' नावाची शर्यत सुरू झाली. पेडल उलटं दाबून लावायचे ब्रेक त्या उतारावर इतके तापत की हबमधलं ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर ते नव्याने भरावं लागे. नाव त्यावरून पडलं. जो ब्रीझने १९७७ मध्ये खास डोंगरासाठीची फ्रेम बनवायला घेतली. टॉम रिची, गॅरी फिशर, चार्ली केली यांनी या सायकली बांधून विकायला सुरुवात केली आणि पुढच्या दोन दशकांत हा खेळ १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पोचला.

तो इतिहास वाचताना मला मुळशीकडून पुण्यात येणारे दूधवाले आठवतात. काळी, जड, सळईच्या ब्रेकची सायकल, दोन्ही बाजूंना किटल्या, आणि खाली कच्चा रस्ता. त्यांना कुणी माउंटन बाइकर म्हटलं नाही. पण किटलीतलं दूध न हिंदळता खड्ड्यातून सायकल कशी काढायची, कोपर आणि गुडघे कसे सैल ठेवायचे, हे त्यांना कुणाहूनही चांगलं ठाऊक असणार.

कारण सैलपणा फक्त टायरचा नसतो. पुढचा, धक्के झेलणारा फोर्क बसवतानाही आपण सायकलवर बसल्यावर तो त्याच्या एकूण हालचालीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतका दबला पाहिजे. तसा दबला नाही तर तो नुसता शोभेचा दांडा होतो. ज्याला दबता येत नाही त्याला खड्ड्यात उतरणाऱ्या चाकाबरोबर खालीही जाता येत नाही. आणि फोर्कनंतर येतं आपलं शरीर. उतारावर भीती वाटली की पहिल्यांदा हात ताठ होतात, हँडल आवळलं जातं, श्वास अडतो. मी काही महिने अशीच उतरत होते. रात्री मनगटं दुखायची तेव्हा कळायचं की वाटेवरचे सगळे धक्के मी अंगावर घेऊन आले आहे.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला वाटांची ददात नाही. शहर साधारण ५६० मीटरवर आणि वेताळ टेकडी ८०० मीटरच्या आसपास. घरातून निघून तासाभरात आपण गिरिपुष्पाच्या झाडीत असतो. रविवारी सिंहगड. पायथ्यापासून साडेपाचशे-सहाशे मीटरचा चढ, तोही नऊएक किलोमीटरांत. तो डांबरी आहे, त्यामुळे तिथे हवा जास्त. सुट्टी जोडून आली की पवन मावळ, मुळशी, भोर. काळ्या पाषाणाच्या मुलखात वाट मुरमाची आणि टोकदार खड्यांची असते. महाबळेश्वराकडे वर जावं तसा जांभा लागतो, आणि त्याच्या गोल बारीक गोट्यांवर चाक वाळूवर सरकावं तसं सरकतं. नकाशा न बघता, नुसत्या चाकाखालच्या आवाजावरून, आपण कोणत्या दगडावर आहोत हे कळायला मला तीन वर्षं लागली. ती तीन वर्षं मला फार मोलाची वाटतात.

वर पोचलं की गप्पा होतात त्या याच. "हवा किती?" "पुढे बावीस, मागे चोवीस." "चेन वाजतेय, तेल टाकलंस का?" "हॅंगर वाकलाय, म्हणून गिअर उडी मारतोय." "नवीन डिओरे गिअर घेऊ, की आहे त्यावर वर्ष काढू?" बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, ही माणसं यंत्रांपलीकडे काही बोलतच नाहीत. मलाही आधी तसंच वाटे. मग एकदा आमच्यातला एकजण आई गेल्यानंतर महिन्याने आला. काय बोलावं कुणालाच सुचेना. काकांनी त्याची सायकल उलटी ठेवली, जुन्या टूथब्रशने चेनची एकेक कडी घासली, तेलाचा एकेक थेंब टाकला, जास्तीचं तेल फडक्याने पुसलं. पंधरा-वीस मिनिटं तो शेजारी बसून बघत होता. शेवटी म्हणाला, "काका, शेवटचे तीन आठवडे दवाखान्यातच होतो." मग तो बोलत राहिला. त्या दिवसापासून कुणी मला "हवा किती?" विचारलं की त्यातला 'कशी आहेस' मला ऐकू येतो.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती तिकोना किल्ल्याच्या बाजूला घडली. डोंगरातल्या एका वाडीकडून पवनेच्या धरणाकडे उतरणारी एक पाऊलवाट आहे. तोवर मला उतार जमू लागले होते, आणि जमू लागले की जो दोष शिरतो तो शिरला होता. वळणावर मागचा ब्रेक करकचून दाबायचा, चाक अडवायचं आणि सायकल मातीवरून घसरवत फिरवायची. धूळ उडते, बरं वाटतं. अशाच एका वळणावर समोरून डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई आली. तिला वाट सोडून बाजूच्या काट्यात उतरावं लागलं. मी पडले ते पुढच्या दगडावर.

तिने मोळी टाकली, मला हाताला धरून उठवलं, "ताई, लई लागलं का?" विचारलं. गुडघा फुटला होता, बाकी काही नव्हतं. मी माफी मागितली. तिने ती फारशी मनावर घेतली नाही. ती माझ्या मागे वाटेकडे बघत होती. घसरलेल्या चाकाने मातीत बोटभर खोल चर पाडला होता आणि तो एकटा नव्हता. आमच्या गटाच्या कित्येक रविवारांचे चर त्या वळणावर एकात एक मिसळले होते. "पाऊस आला की ह्यातनंच पानी पळतं," ती म्हणाली. "मग वाट ऱ्हात न्हाय, वहाळ हुतो. पोरं शाळंला ह्याच वाटंनं जात्यात."

मी इतकी वर्षं जिला 'ट्रेल' म्हणत होते ती तिची वाट होती. ती कुणी यंत्राने आखली नव्हती. उतार सोसेल अशा बेताने, गुरांच्या खुरांनी आणि माणसांच्या पावलांनी, पिढ्यान्पिढ्या ती पडत गेली होती. माझ्या टायरचे चार ठसे त्या वाटेवर पाहुणे होते. हवा कमी करून मी माझ्यापुरती पकड मिळवली होती. वाटेला काय सोसावं लागतं याचा विचार त्यात कुठेच नव्हता.

फिरणारं चाक मातीवरून जातं, अडलेलं चाक माती खरवडतं. फरक एवढाच आहे आणि सगळा आहे. तेव्हापासून आम्ही उतारावर दोन्ही ब्रेक हलके, एकेका बोटाने धरायला लागलो, आणि ज्या वेगात चाक अडवावं लागेल तो वेग घेणं सोडलं. पाऊस पडून गेला की ओल सुकेपर्यंत मातीच्या वाटेवर जात नाही. डबकं लागलं तर त्याच्या कडेने नवी वाट पाडत नाही, मधूनच जातो. चढून येणाऱ्या माणसासाठी थांबतो, गुरं असतील तर उतरतो. कासच्या पठारासारख्या ठिकाणी प्रश्न हवेचा उरतच नाही. तिथे जांभ्यावर मातीचा थर जेमतेम काही इंचांचा आहे आणि त्यातच वर्षभर वाट बघणारी फुलं आहेत. तिथे सायकल रस्त्यावरच राहिली पाहिजे.

हे नियम कुणी लादलेले नाहीत. त्यांनी मजा कमी होते का, असं नवी मुलं विचारतात. माझा अनुभव असा की वाट अधिक दिसू लागते. कुठे पाणी आडवं जातं, कुठे मुळांनी माती धरून ठेवली आहे, कुठे दगड नुकताच सुटला आहे, हे वेगाच्या नशेत कधी दिसलं नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात आम्ही सातजण कुदळ, घमेली घेऊन त्या वळणावर गेलो. वाडीतले दोघे आले, आणि मोळीवाली तीही आली. पाणी वरून कुठून येतं ते तिनेच दाखवलं. आम्ही धरलेली जागा दहा हात चुकीची होती. तिने दाखवलेल्या जागी वाटेला तिरके मोठे दगड पुरले, त्यांच्या तोंडाशी गवताकडे जाणारा उथळ चर काढला आणि खरवडलेल्या जागी मुरूम धुमसून बसवला. दुपारपर्यंत काम झालं. चहा तिच्या घरी झाला.

जुलैत, मुसळधार पावसाच्या एका सकाळी, सायकल घरी ठेवून मी आणि काका ती वाट बघायला चालत गेलो. वरून लाल गढूळ पाणी जोरात येत होतं. पुरलेल्या दगडाशी ते आलं, क्षणभर फुगलं, वळलं आणि गवतात पसरून मंद झालं. दगडाच्या खालच्या बाजूला वाट ओली होती, पण वाटच होती. तिच्यावर शाळेला गेलेल्या मुलांची पावलं उमटली होती.