मूठभर दाणे घेऊन बसावे



मागे सांगलीस गेलो असता हळदपेठेतले एक माळकरी हमाल भेटले. पाया पडून म्हणाले, "बुवा, आमच्या आळीत दर एकादशीला मंडळी अमृतानुभव वाचत्यात, अर्थ लावत्यात. मलाबी बोलवत्यात. पर मी चौथी शिकलेला. तिथं वकील, मास्तर बसत्यात. माझ्या तोंडून भलतंच गेलं तर हसतील. त्यापरीस घरी बसून नाम घेतलेलं काय वाईट?"

नाम घेणे वाईट कसे असेल? पण आपण घरी बसलो ते नामाच्या ओढीने की लाजेने, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. लाजेने बसलो असू, तर ही लाज अहंकाराचीच धाकटी बहीण समजावी. थोरली म्हणते, "मला सर्व कळते." धाकटी म्हणते, "मला कळत नाही, हे लोकांना कळू नये." दोघींनाही काळजी आपलीच!

ज्ञानोबांनी शके १२१२ मध्ये नेवासे येथे गीतार्थ सांगितला, तो मराठीत, आणि श्रोत्यांसमोर. माउली श्रोत्यांकडे पुनःपुन्हा अवधान मागतात, त्यांच्याशी सलगीने बोलतात. आपल्याकडे तत्त्वज्ञान असे चार माणसांत बसूनच वाढले.

कृष्णामाई सांगलीस येते ती वाईवरून. त्या वाईचीच एक गोष्ट मी या गृहस्थांना सांगितली. १९१७ साली तरुण विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईस आले आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे, ब्रह्मसूत्रावरील शांकरभाष्य शिकू लागले. स्वतः शिकता शिकता त्यांनी सहा जणांना गीता सांगितली, आणि ज्ञानेश्वरीचे सहा अध्याय शिकविले ते अवघ्या चौघांना. पुढे विद्यार्थ्यांचे मंडळ व वाचनालय काढले. पैसा कुठून आणायचा? तर दळणाचा वर्ग सुरू केला! सुमारे १५ विद्यार्थी आणि स्वतः विनोबा जात्यावर बसले. दोन शेर दळणाला एक पैसा, आणि तो पैसा वाचनालयाला. सधन घरची मुलेही दळायला आली. गाव जुन्या वळणाचे, लोकांनी त्यांना वेड्यांत काढले. पण दोनएक महिने जाते फिरले, आणि वाचनालयात सुमारे ४०० पुस्तके झाली.

जनाबाईच्या लेकरांना जात्याचे महत्त्व काय सांगावे! ग्रंथ वाचणारी मंडळी हेही एक जातेच. खालचा दगड म्हणजे ग्रंथ, तो जागचा हलत नाही. वरचा फिरतो, ती आपली चर्चा. खुंटा नामाचा, तो हातून सुटला की चर्चा भरकटलीच. आणि दाणे? दाणे म्हणजे आपली शंका, आपले "कळले नाही." दाणे न घालता जाते फिरविले तर दगडाला दगड घासतो, घरघर मोठी होते, पीठ मात्र निघत नाही. विद्वानांच्या पुष्कळ बैठकी अशाच रिकाम्या फिरतात. म्हणून "मला कळले नाही" म्हणणारा एक तरी माणूस तिथे पाहिजे. वकील-मास्तरांची मंडळी या हमालांवर उपकार करीत नव्हती. त्यांनाच यांची गरज होती.

मंडळी चालविणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. जिथे "कळले नाही" म्हणायची भीती वाटते, तिथे पारायण होईल, दळण व्हायचे नाही. अमृतानुभवाची दहा प्रकरणे संपविण्याची घाई नको. एकदम ओंजळ घातली की भरड निघते. एका बैठकीला एक ओवी पुरे, पण ती सर्वांची होऊ द्यावी. शेवटी नाम घेऊन उठावे, म्हणजे वादातला कडूपणा घरी जात नाही.

आणि पीठ झाले की भाकरी थापावी. सांगली-हरिपुराकडे हळद जमिनीतल्या पेवात साठवीत. तिथे ती चांगली टिके. पण पेवातल्या हळदीने भाजीला रंग येत नाही. एकादशीची ओवी द्वादशीला बाजारात, तराजूपाशी, भावाभावांच्या वाटणीत आठवली नाही, तर ती पेवातच राहिली म्हणायची.

हे ऐकून ते गृहस्थ हसले. म्हणाले, "बुवा, दाणं तर माझ्याकडं पोत्यानं हायेत की!"

म्हटले, "मग माउली, जा. पण मूठमूठच घाला."

येत्या एकादशीस आपल्या गावी जिथे ग्रंथ उघडला जात असेल, तिथे आपणही जावे. जागा मागे मिळाली तरी चालेल, मूठ रिकामी नसावी.

रामकृष्णहरि.