दुसऱ्याच्या धनाचा हिशेब

माणूस गेल्यावर त्याच्या पैशातून आधी कोणाचं देणं फेडायचं, हे 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ठरवून दिलं आहे. पहिला मान अंत्यविधीच्या खर्चाचा. त्याच्याच बरोबरीनं शेवटच्या आजारातलं डॉक्टरांचं बिल आणि मृत्यूआधीच्या महिन्याभराचा राहण्याजेवणाचा खर्च. मग प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता, मिळवण्याचा खर्च. त्यानंतर, इतर कर्जांच्याही आधी, मजूर, कारागीर आणि घरगडी यांचा शेवटच्या तीन महिन्यांचा थकलेला पगार. हे सगळं चुकतं होऊन काही उरलं, तरच मृत्युपत्रात नाव असलेल्यांची पाळी. कायद्याची भाषा एरवी रुक्ष, पण थोरल्याच्या फ्लॅटआधी धुणंभांडी करणाऱ्या बाईचा पगार येतो, हे वाचून मला या कलमांविषयी आदर वाटला.

हा क्रम सांभाळायचा तो मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरनं. मालमत्ता त्याच्या ताब्यात येते, पण मालकी म्हणून नव्हे. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत त्यानं मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी कोर्टात द्यायची, वर्षाच्या आत हिशेब द्यायचा. मृत्यूला वर्ष होईपर्यंत वाटप करण्याची सक्ती त्याच्यावर नाही. वारसांना मात्र हे वर्ष फार लांब वाटतं. तेराव्याच्या जेवणानंतरच ‘मग पुढचं काय ठरलंय?’ अशी विचारणा सुरू होते.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या मित्रानं एक्झिक्युटर नेमलं होतं. त्यांनी बाजारातून लांबट वही आणली. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. औषधांच्या दुकानाची बिलं डिंकानं चिकटवलेली, बँकेत जाण्यायेण्याचं रिक्षाभाडंसुद्धा लिहिलेलं. वाटपाच्या दिवशी ती वही त्यांनी पुढे सरकवली आणि सगळ्यांच्या सह्या मागितल्या, तर मित्राची मुलगीच दुखावली. ‘काका, तुमच्यावर आमचा विश्वास नाही का?’ काका म्हणाले, ‘आहे, म्हणूनच सही कर.’

त्या मुलीचा राग आपल्या घरांतूनच आलेला आहे. एकत्र कुटुंबाचा कर्ता हा आपल्या मनातला कारभाऱ्याचा नमुना. हिंदू कायद्यात कर्त्याकडे मागच्या कारभाराचा पैपैचा हिशेब सहसा मागता येत नाही. अफरातफर झाली नसेल, तर वाटणीच्या दिवशी जे शिल्लक असेल त्याचीच वाटणी व्हायची. त्याला कारणही होतं: कर्त्याचं पोट त्याच चुलीवर होतं, घर बुडालं तर तोही बुडणार होता. एक्झिक्युटर किंवा विश्वस्त त्या घरचा असेलच असं नाही. पण त्या जागी आपण बसवतो थोरला मुलगा, मामा, नाहीतर वडिलांचा जुना मित्र, आणि तो वागतो कर्त्यासारखा. सचोटी असते, जीव लावणंही असतं, वही नसते. माझ्या मते भावाभावांतली निम्मी भांडणं हावेतून नव्हे, या न ठेवलेल्या वहीतून सुरू होतात.

विश्वस्ताचं उदाहरण म्हणून आपण भरताचं नाव घेतो आणि पादुकांपाशी थांबतो. वाल्मीकींचा भरत त्याच्या पुढे जातो. चौदा वर्षांनी राम परत आल्यावर तो नुसतं राज्य पायाशी ठेवत नाही. कोश, कोठार, नगर, सैन्य नजरेखालून घाला, सगळं दहापट केलं आहे, असं सांगतो. रामाला भरतावर शंका नव्हती. हिशेब मागितलाही नव्हता.

इंग्रजांचं न्यायालय याहून कठोर. 1726 च्या एका खटल्यात लंडनजवळच्या रॉमफर्ड बाजाराचा भाडेपट्टा एका अज्ञान मुलासाठी विश्वस्ताकडे होता. मुदत संपण्याआधी मालकानं मुलाच्या नावे पट्टा वाढवून द्यायला नकार दिला, तेव्हा विश्वस्तानं तो स्वतःच्या नावे घेतला. मुलाचं काही हिसकावलं नव्हतं. त्याला तो मिळणारच नव्हता. तरी लॉर्ड किंग यांनी पट्टा आणि त्यातला नफा मुलाचाच ठरवला. सगळ्या जगाला तो पट्टा घेता आला असता, विश्वस्ताला मात्र नाही. हे अन्यायाचं वाटतं खरं, पण विश्वस्ताला एवढी फट ठेवली, तर नूतनीकरणासाठी तो मनापासून खटपट करेल का?

लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करताना गांधीजींनी स्नेल यांचं इक्विटी या इंग्रजी कायद्याच्या शाखेवरचं पुस्तक वाचलं होतं. पुढे दक्षिण आफ्रिकेत गीता वाचताना अपरिग्रहाचा अर्थ त्यांना या पुस्तकातल्या विश्वस्तामुळे उलगडला: कोट्यवधी हाताशी, त्यातली दमडीही आपली नाही. त्यांनी मुंबईला कळवून दहा हजारांची विमा पॉलिसी सोडून दिली. वडिलांच्या जागी असलेल्या थोरल्या भावाला लिहिलं, की यापुढची शिल्लक तुमच्याकडे येणार नाही, इथल्या लोकांच्या कामी लागेल. भाऊ चिडले. घराकडे पाहणं हे कर्तव्य नाही तर काय, हा त्यांचा प्रश्न अगदी कर्त्याचा होता आणि मला तो फोल वाटत नाही. पत्रव्यवहार जवळजवळ तुटला. मात्र आयुष्याच्या अखेरीस त्याच भावानं लिहून क्षमा मागितली आणि आपली मुलं गांधीजींच्या हवाली केली. तुला योग्य वाटेल तशी वाढव, म्हणून. भावाला भेटायला आफ्रिकेला निघण्याआधीच ते वारले. मुलं जुन्याच वळणात वाढली होती. ती जबाबदारी गांधीजींना पार पाडता आली नाही, आणि आत्मकथेत त्यांनी तसं लिहून ठेवलं आहे.